तिला घाम येतो का?

ठाणे (प.)

प्रिय मुली,

तुझी कथा वाचली. तलावपाळीवर तुझी नायिका स्वतःलाच भेटते, म्हणून दुसऱ्यांदा तिथल्या कट्ट्यावर बसून वाचली. जागा झकास निवडलीस. पण तोच तीळ, तोच कुर्ता, तीच झिजलेली चप्पल, यात तीन पानं घालवलीस. जुळेपणा वाचक एका वाक्यात मान्य करतो. तो शोधत असतो फरक.

महाभारताच्या वनपर्वातलं नलोपाख्यान वाच. आपल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात नक्की मिळेल. दमयंतीच्या स्वयंवरात पाच नल उभे: एक खरा, बाकी चार त्याचं रूप घेतलेले देव. तिच्या विनवणीवरून देव आपली लक्षणं उघड करतात: पापणी लवत नाही, घाम नाही, सावली नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत. खरा नल कोणता? ज्याची माळ कोमेजली आहे आणि अंगावर धूळ आहे, तो. तुझी तोतया मात्र मे महिन्यात स्टेशनवरून चालत येऊनही इस्त्रीतली!

दुसरं, तिला शेवटी तलावात ढकललंस ते पटलं नाही. सुटका फार स्वस्तात झाली. अर्सुला ले ग्वीनच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’मध्ये (१९६८) नायक गेड आपल्या सावलीला मारत नाही, तिला स्वतःचंच नाव देतो. तसंच कर असं नाही. पण त्या दुसरीला काय हवंय, हे तुला तरी ठाऊक हवं.

खरी कथा सहाव्या पानावर आहे. आई तोतयाला जेवायला वाढते, ‘आज शहाण्यासारखी जेवलीस’ म्हणते, आणि नायिका दाराबाहेरून बघते. हे तू दोन ओळींत उरकलंस! अगं, घरच्यांना ती दुसरीच जास्त आवडली तर?

माझी आई शेवटी शेवटी मला माझ्या गेलेल्या भावाच्या नावानं हाक मारायची. आधी मी चूक सुधारायचो. मग ‘ओ’ द्यायला लागलो. तो चहात तीन चमचे साखर घ्यायचा, म्हणून तिच्यासमोर मीही घ्यायचो. एकदा कप हातात देताना म्हणाली, ‘तुला गोड चालत नाही ना रे?’ आणि पुन्हा त्याच्याच नावानं हाक मारली. तिला काय कळलं होतं, मला आजही सांगता येणार नाही.

तुझ्या नायिकेच्या आईला कळलंय का? ते ठरव आणि सहावं पान नव्यानं लिहून रविवारी घेऊन ये. तलावात ढकलायचं नंतर बघू.

तुझा,
काका