निळीची उचल आणि रयतेचा उठाव

प्रश्न : आमच्या निफाड तालुक्यात शेतकरी द्राक्षे, कांदा ही नगदी पिके स्वतःहून घेतात. मग इंग्रजी अमलात बंगालच्या रयतेने निळीच्या पिकाविरुद्ध उठाव का केला?
– एक वाचक, निफाड (जि. नाशिक)

उत्तर : ‘स्वतःहून’ हा आपला शब्द मोलाचा आहे, कारण बंगालच्या रयतेकडून नेमके तेच हिरावले गेले होते. गोरा मळेवाला रयतेला आधी उचल देई; तिला तिकडे ‘दादन’ म्हणत. उचल घेतली की भाताची चांगली जमीन निळीखाली घालावी लागे आणि भाव मळेवाल्याने ठरवलेला असे. बियाण्याचे आणि कराराच्या मुद्रांकाचे पैसेही रयतेच्याच नावे मांडले जात. पीक कोठीवर, म्हणजे मळेवाल्याच्या निळीच्या कारखान्यावर, आले की कापलेल्या झाडांच्या पेंढ्यांना साखळीचा वेढा घालून मोजणी होई, आणि ती साखळी धरणारा हात कोठीच्या नोकराचा असल्याने माप रयतेच्या बाजूने क्वचितच पडे. मला सर्वांत जाचक वाटते ती मात्र बाकी : ती फिटतच नसे, आणि बापाची बाकी मुलाच्या माथी येई. ऊसतोडीची उचल आपल्या जिल्ह्यात ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

१८५० नंतर तांदळाचे भाव चढले, निळीचा मोबदला मात्र जवळपास तिथेच राहिला, त्यामुळे तोटा डोळ्यांना दिसू लागला. त्यातच १८५९ मध्ये, आपल्या जमिनीत काय पेरायचे हे रयतेने ठरवावे, अशा आशयाचा परवाना एका सरकारी अधिकाऱ्याने काढला आणि कायदा आपल्या बाजूने आहे असा विश्वास गावोगाव पसरला. नदिया जिल्ह्यातील चौगाछाचे दिगंबर आणि बिष्णुचरण विश्वास पुढे झाले. मळेवाल्यांच्या लाठीवाल्यांवर बायका स्वयंपाकघरातील भांडी घेऊन धावून गेल्या. १८६० च्या चौकशी आयोगाने रयतेची गाऱ्हाणी खरी ठरवली, तरी आधीचे करार पुरे करायला सांगितले. मात्र यापुढे नीळ नाकारण्याची मोकळीक दिली.

तेव्हा मळेवाल्यांचा मोर्चा बिहारकडे वळला. चंपारणात बिघ्याच्या २० कठ्ठ्यांपैकी ३ कठ्ठ्यांत नीळ लावण्याची सक्ती, म्हणजे ‘तीनकठिया’, चालू राहिली. जर्मनीतील कृत्रिम रंगाने निळीचा भाव पडला, तेव्हा त्याच मळेवाल्यांनी नीळ न लावण्याची सूट देण्यासाठी रयतेकडून रोख रक्कम किंवा वाढीव खंड उकळला. १९१७ मध्ये गांधीजींपुढे शेतकऱ्यांनी मांडलेल्या गाऱ्हाण्यांत हेही होते, आणि १९१८ च्या कायद्याने तीनकठिया बंद झाली.