ताप गेला, शीण का जाईना?

प्रश्न : मुलगा १३ वर्षांचा. दोन महिन्यांपूर्वी व्हायरल ताप आला, पाच दिवसांत उतरला. पण अजूनही एक दिवस शाळेत गेला की पुढचे दोन दिवस अंथरुणात. रिपोर्ट नॉर्मल आहेत. पेठेतल्या संघातून फुटबॉल खेळायचा. चुलते म्हणतात, ‘रंकाळ्यावर पळवा, पांढरा रस्सा पाजा, स्टॅमिना येतोय की!’ पळवावं का?
– एक आई, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, रस्सा पाजा, पळवू मात्र नका.

आधी ‘रिपोर्ट’ कोणते ते बघा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि थायरॉइड झालेलं असावं. छातीत दुखणं, धडधड, जिना चढताना दम किंवा खेळताना चक्कर येऊन पडणं, यातलं काही असेल तर आधी ईसीजी आणि टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी). विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आली असेल तर मैदान तीन ते सहा महिने बंद राहतं. खासगीत परवडत नसेल तर सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात दाखवा.

हे सगळं ठीक असेल, तर तुमच्या वर्णनात एक खूण स्पष्ट आहे. श्रम आज होतात आणि त्रास २४ ते ४८ तासांनी वाढतो. म्हणून बुधवारी तो पडून असेल तर कारण सोमवारी शोधा. दोन आठवडे वही ठेवा. झोप, शाळा, अभ्यास, मोबाइल, खेळ आणि रात्री थकव्याला ० ते १० गुण. गणिताचा तास आणि मोबाइलसुद्धा श्रमातच धरायचे. हे बहुतेक घरांत नजरेतून सुटतं.

वहीतून कळेल की दुसऱ्या दिवशी त्रास न होता त्याला किती झेपतं. समजा, १५ मिनिटं चालणं झेपतं. मग सुरुवात १० मिनिटांनी करा. आठवडाभर त्रास वाढला नाही तरच एक-दोन मिनिटं वाढवा. वाढला तर मागे या. तारखा ठरवून वाढवत नेऊ नका. सगळ्यात जास्त घोळ होतो तो चांगल्या दिवशी. बरं वाटलं म्हणून पोरगं तासभर खेळतं आणि आठवड्याची कमाई घालवतं.

मुख्याध्यापकांना डॉक्टरांचं पत्र द्या. सुरुवातीला रोज दोन-तीन तासच, पीटी नाही, वर्ग तळमजल्यावर, पुस्तकांचा एक संच शाळेतच. एक दिवस पूर्ण आणि दोन दिवस दांडी, यापेक्षा हे कधीही चांगलं.

उभं राहिल्यावर गरगरत असेल तर १० मिनिटं झोपवून नाडी मोजा, मग भिंतीजवळ १० मिनिटं उभं करून दर दोन मिनिटांनी मोजा. शेजारी मोठं माणूस हवंच. चक्कर आली तर लगेच आडवं करा. ठोके मिनिटाला ४० किंवा जास्त वाढून तसेच राहिले तर आकडे डॉक्टरांना दाखवा. दिवसभरात दीड-दोन लिटर पाणी चालेल, मीठ मात्र त्यांना विचारूनच वाढवा.

फुटबॉल शेवटी. आधी चालणं, मग भिंतीवर पाच मिनिटं पास, मग संघासोबत हलका सराव, सगळ्यात शेवटी मॅच. बहुतेक मुलं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरतात. चुलत्यांना वही दाखवा, वाद मिटेल.

प्रश्न : मुलगी ९ वर्षांची. सर्दी-तापानंतर वास जाणवेना. आता कांदा परतला की ‘कुजका वास’ म्हणून बाहेर पळते. जेवण निम्म्यावर आलंय.
– कसबा बावडा

उत्तर : नाटक समजू नका. वासाच्या नसा पुन्हा जुळताना असे उलटे वास येतात. कांदा, लसूण, अंडी आणि कॉफी यांचा त्रास जास्त, म्हणजे आपला कांदा-लसूण मसाला पहिला गुन्हेगार. तिचं ताट फोडणीआधी बाजूला काढा आणि गार किंवा कोमट द्या; दहीभात, केळं, पनीर चालतं. वजन दर आठवड्याला बघा, घटत असेल तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आत काही अडकलंय का ते कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासा.

वास पुन्हा ओळखण्याच्या सरावासाठी झाकणाच्या चार बाटल्या घ्या : गुलाब, लिंबाची साल, लवंग, वेलदोडा. प्रत्येकी २० सेकंद हळू हुंगायचं, त्या वासाची आठवण काढत, सकाळ-संध्याकाळ, किमान तीन महिने. मोठ्यांच्या सरावात नीलगिरी तेल वापरतात, पण पोटात गेलं तर मुलांना झटके येऊ शकतात, म्हणून घरात नकोच. आणि गॅस गळला तर तिला कळणार नाही. ती एकटी असताना शेगडीला हात नाही, रेग्युलेटर बंद.