देशोदेशीच्या ग्राहकांची तुलना करायची, तर आधी मोजमाप शिका

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात मानसशास्त्र घेऊन टीवायबीएला आहे. भारत, जर्मनी आणि जपानमधले ग्राहक खरेदी करताना समाजाचा, पर्यावरणाचा किती विचार करतात, याची तुलना करून पुढे पीएचडी करायची असं तिचं चाललं आहे. गुगल फॉर्मही तयार आहे. यात करिअर आहे का, की सरळ एमबीए करू दे? – एक पालक, कोथरूड

उत्तर : करिअर आहे, आणि चांगलं आहे. विषयाची कळकळ पुष्कळांकडे असते. दोन भाषांत विचारलेला प्रश्न लोकांना एकसारखाच कळला का, हे आकड्यांनी तपासून दाखवणारे उमेदवार मात्र मोजकेच भेटतात. मुलीने हेच कौशल्य कमवावं. तोवर तो फॉर्म कुठेही पाठवू नये.

याचं कारण सुक्या कचऱ्यात दिसेल. ‘मी वस्तू पुनर्वापरासाठी देतो’ या विधानापुढे जर्मनीतल्या माणसाने ‘नेहमी’वर खूण केली, तर त्यामागे २००३ पासूनची अनामत असू शकते. एकदाच वापरायच्या बाटलीवर २५ सेंट जास्त भरायचे आणि बाटली दुकानात परत दिली की ते परत घ्यायचे. तुमच्याकडे रद्दी किलोवर विकली जाते, आणि बाकीचा सुका कचरा ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई दारातून नेतात. दोघांनीही पाचपैकी पाच गुण दिले, पण एकाने अनामत सोडवली आणि दुसऱ्याने रद्दी विकली. यात सामाजिक जबाबदारी किती, हे त्या पाचावरून कळत नाही. आयएसएसपी या आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणात म्हणूनच कचरा वेगळा करण्याच्या प्रश्नाला ‘माझ्या भागात ही सोय नाही’ असा वेगळा पर्याय ठेवलेला आहे. मुलीच्या फॉर्ममध्ये तसा पर्याय आहे का, ते आजच बघा.

प्रश्नावली शून्यातून रचू नये. वेब, मोहर आणि हॅरिस यांनी २००८ मध्ये मांडलेल्या मोजपट्टीचे तीन भाग आहेत : कंपनीची सामाजिक वागणूक पाहून खरेदी, पुनर्वापर, आणि पर्यावरणाला घातक वस्तू टाळणं किंवा कमी वापरणं. ती अमेरिकेत घडलेली आहे, त्यामुळे नुसतं भाषांतर करून भागणार नाही. दोघांनी स्वतंत्रपणे मराठी करावं, दोन्ही ताडून एक मसुदा ठरवावा, मग मूळ इंग्रजी न पाहिलेल्या तिसऱ्याने तो पुन्हा इंग्रजीत न्यावा. त्यानंतर आठ-दहा जणांना समोर बसवून प्रत्येक विधान वाचायला द्यावं आणि ‘तुम्हाला काय कळलं?’ असं विचारावं.

सगळ्यात जास्त घोटाळा नकारार्थी विधानांत होतो. ‘प्रदूषण करणाऱ्या कंपनीचा माल मी घेत नाही’ यापुढे ‘कधीच नाही’ हा पर्याय आला की त्याचा अर्थ ‘नेहमी घेतो’ असा होतो. पण घाईत असलेला माणूस ‘कधीच घेत नाही’ अशा अर्थाने तिथेच खूण करतो. विधान होकारार्थी करावं आणि ‘गेल्या ३० दिवसांत किती वेळा?’ असं विचारावं. चांगलं दिसण्यासाठी दिलेली उत्तरंही त्याने थोडी कमी होतात. पूर्ण जात नाहीत.

आता मुख्य सल्ला. परदेशाच्या आधी तिने पुण्यातच दोन भाषांत अभ्यास करावा : किमान २०० जण मराठी प्रश्नावलीवर, २०० इंग्रजीवर. वय आणि शिक्षण दोन्ही गटांत सारखं हवं. फॉर्म व्हॉट्सॲपवर ओळखीच्यांत फिरवला, तर भाषेचा म्हणून दिसणारा फरक प्रत्यक्षात वयाचा किंवा उत्पन्नाचा निघतो. मग ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधल्या लावान पॅकेजवर कन्फर्मेटरी फॅक्टर ॲनालिसिस करावं, म्हणजे कोणती विधानं मिळून कोणता घटक (मोजपट्टीचा भाग) मोजतात, ते आकड्यांनी तपासावं. दोन्ही गटांत घटकांची रचना सारखी आहे का, विधानांचा त्या घटकांशी असलेला संबंध सारख्याच ताकदीचा आहे का, आणि शेवटी इंटरसेप्ट (घटकाची पातळी सारखी असताना विधानाला मिळणारे गुण) सारखे आहेत का, हे याच क्रमाने बघायचं. एखाद्या पायरीवर सीएफआय, म्हणजे मांडलेली रचना उत्तरांशी किती जुळते ते सांगणारा आकडा, ०.०१ पेक्षा जास्त घसरला, तर गडबड करणारं विधान शोधायचं. तिसरी पायरी निदान काही विधानांपुरती तरी टिकल्याशिवाय दोन गटांच्या सरासरींची तुलना करू नये. केवळ क्रॉनबाख अल्फा ०.७ च्या वर आला म्हणून थेट देशांची क्रमवारी लावणारे प्रबंध दिसतात. अल्फा एका गटातली विधानं एकमेकांशी किती जुळतात एवढंच सांगतो. दोन गटांच्या तुलनेबद्दल तो काहीच सांगत नाही.

शिक्षणाचं म्हणाल, तर मानसशास्त्रात एमए करावं, सायकोमेट्रिक्सवर (मानसशास्त्रीय मोजमापाच्या शास्त्रावर) भर द्यावा आणि पहिल्या वर्षापासून ‘आर’ शिकावं. ते मोफत आहे. गणिताची धास्ती नसेल, तर गोखले इन्स्टिट्यूटमधला अर्थशास्त्राचा मार्गही बघा, मात्र प्रवेशाच्या अटी नीट वाचून. पीएचडी नाही झाली, तरी बाजार संशोधन कंपन्या, कंपन्यांचे सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभाग आणि सामाजिक संस्थांचं मूल्यमापन इथे हेच काम लागतं. एमबीएचा विचार दोन वर्षांनंतरही करता येईल.

या उन्हाळ्यात तिने आयएसएसपीच्या पर्यावरणविषयक सर्वेक्षणाची २०१० ची माहिती उतरवून घ्यावी. अभ्यासासाठी ती मोफत मिळते. त्यातल्या जर्मनी आणि जपानच्या उत्तरांवर वरच्या तिन्ही पायऱ्या करून बघाव्यात. ते काम तिला रुचलं, तर एमएच्या अर्जासोबत त्याचाच चार पानी अहवाल जोडा.