इन्डेम्निटी थांबवून एसआयपी? आधी पॉलिसीचं शेड्युल वाचा

नमस्कार डॉक्टर मॅडम,

तुमचं सविस्तर पत्र आणि सोबत पाठवलेले पॉलिसीचे फोटो मिळाले. इतर वाचकांसाठी पत्राचा सारांश देतो. तुम्ही जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात स्त्रीरोगतज्ज्ञ, तुमचे यजमान डॉक्टरसाहेब बालरोगतज्ज्ञ. दोघांच्या भागीदारी फर्ममध्ये १८ खाटांचं हॉस्पिटल आहे आणि वर्षाची जमा १ कोटी १० लाखांच्या घरात. पेशंटने उपचारातल्या चुकीबद्दल भरपाई मागितली तर ती भरणारा विमा म्हणजे इन्डेम्निटी. दोघांच्या अशा पॉलिसींचा मिळून वर्षाचा हप्ता ६० हजार. आजवर एकही नोटीस आलेली नाही. म्हणून डॉक्टरसाहेबांचा विचार असा, की पॉलिसी बंद करावी, त्याच पैशांची महिना ५ हजारांची एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा गुंतवणूक) लावावी आणि राहतं घर सासूबाईंच्या नावावर करून मोकळं व्हावं. तिकडे एक मेडिकोलीगल कंपनी (डॉक्टरांना वकील आणि विमा एकत्र पुरवणारी) दोघांसाठी ५ वर्षांचं पॅकेज २ लाख ४० हजारांत देतेय. यातलं काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

पॉलिसी बंद करू नका, घर सासूबाईंच्या नावावर करू नका, आणि त्या पॅकेजवर इतक्यात सही करू नका. पण तुमची सगळ्यात मोठी उघडी बाजू या तिन्हींत नाही. हॉस्पिटलच्या नावावर एकही पॉलिसी नाही, तिथे ती आहे. त्याकडे येतोच.

आधी तुमची स्वतःची पॉलिसी बघू. पहिल्या पानावर मर्यादा १ कोटी लिहिलीय आणि पत्रातही तुम्ही 'माझं एक कोटीचं कव्हर आहे' असं म्हणता. शेड्युलमध्ये, म्हणजे पॉलिसीच्या तपशिलाच्या तक्त्यात, त्याखाली बारीक अक्षरात १:४ असं प्रमाण दिलंय. याचा अर्थ असा, की १ कोटी ही वर्षभराच्या सगळ्या दाव्यांची मिळून मर्यादा आहे. एका घटनेला, म्हणजे एका पेशंटच्या दाव्याला, कंपनी २५ लाखांपर्यंतच देणार. बहुतेक पॉलिसींत वकिलाचा खर्चही त्याच मर्यादेतून जातो. वर्षात चार मोठे दावे येणं दुर्मीळ, पण एकच मोठा दावा येणं शक्य कोटीतलं आहे. १:४ चं प्रमाण नेमक्या त्याच ठिकाणी तोकडं पडतं. नूतनीकरणाच्या वेळी १:१ मागा, म्हणजे एका दाव्यालाही पूर्ण मर्यादा मिळेल. हप्ता वाढेल, तो वाढू द्या.

'आपल्याकडे शेतकरी-मजूर पेशंट, कोण कोटीचा दावा लावणार' हे वाक्य मी जळगाव-धुळ्याच्या अनेक डॉक्टरांकडून ऐकलंय. पण तुमच्या लेबर रूममध्ये पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली मुलगी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत असते. भरपाईचा हिशेब पेशंटचं वय, मिळकत आणि पुढच्या उपचारांचा खर्च यावर चालतो. गाव चोपडा आहे म्हणून तो कमी होत नाही.

शिवाय कायदा बदललाय. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता खटल्यात पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, हे तुम्हाला माहीत असेलच. जुन्या कायद्यात २० लाखांवरचा दावा जिल्हा मंचात लावता येत नव्हता, राज्य आयोगाकडे जावं लागायचं. २०१९ चा कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला. आता कोणत्या आयोगाकडे जायचं हे मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, दिलेल्या बिलावर ठरतं. बिल ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात, आणि ५ लाखांपर्यंतच्या बिलाला तक्रारीची फी शून्य. म्हणजे ४० हजारांच्या सिझेरियनच्या बिलावर ६० लाखांची मागणी एक रुपया फी न भरता जळगावात दाखल होऊ शकते. तक्रारदार राहतो तिथेही तक्रार करता येते. तुमच्याकडे सातपुडा ओलांडून मध्य प्रदेशातूनही पेशंट येतात. त्यांच्या तक्रारीसाठी बडवानीच्या तारखा कराव्या लागतील, त्या खर्चाचाही विचार करा.

आता डॉक्टरसाहेबांचा मुद्दा. महिना ५ हजार, १२ टक्के परतावा धरला तर १५ वर्षांनी २५ लाखांच्या आसपास जमतील. तिसऱ्या वर्षाअखेर मात्र हातात जेमतेम सव्वादोन लाख असतील. नोटीस एसआयपी पिकायची वाट बघत नाही. पण याहून मोठं नुकसान हिशेबात दिसत नाही. ही पॉलिसी 'दावा कधी आला' यावर चालते. उपचार कधीही झाले असले, तरी दावा येईल त्या दिवशी पॉलिसी चालू हवी आणि उपचार रेट्रोॲक्टिव्ह डेटनंतरचे, म्हणजे पॉलिसी मागच्या ज्या तारखेपासूनचे उपचार धरते त्यानंतरचे, हवेत. तुमची ती तारीख १ एप्रिल २०१६ आहे. नूतनीकरण चुकलं की तेव्हापासून आजवर केलेल्या प्रत्येक बाळंतपणावरचं छत्र जातं. पुन्हा पॉलिसी काढली तर नवी तारीख लागते.

डॉक्टरसाहेबांचं हेच झालंय. २०२० मध्ये त्यांचा हप्ता राहिला, २०२१ मध्ये नवीन पॉलिसी काढली, आणि शेड्युलमध्ये तारीख २०२१ ची पडलीय. ग्राहक तक्रारीची मुदत साधारण २ वर्षं, त्यामुळे जुन्या सज्ञान पेशंटची चिंता फारशी नाही. पण ते नवजात बाळांवर उपचार करतात. अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या, व्यक्तीच्या बाबतीत मुदतीचा कायदा वेगळा चालतो. बाळ सज्ञान झाल्यानंतरही दिवाणी दाव्याची वाट मोकळी राहते. म्हणून बाळांचे केसपेपर जपून ठेवा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णांची कागदपत्रं किमान ३ वर्षं ठेवायची असतात, पण नवजात आणि प्रसूतीच्या फायलींसाठी ती मुदत अजिबात पुरेशी नाही. आणि विमा कंपनीला लेखी विचारा, की जुनी तारीख ग्राह्य धरणार का. नकार आला तर तोही लेखी असू द्या.

मी सुरुवातीला म्हटलं ती उघडी बाजू आता सांगतो. २०१३ मध्ये कोलकात्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ६ कोटींची भरपाई ठरवली, ती बातमी सगळ्या डॉक्टरांनी वाचली. पण वाटणी कशी झाली ते फार कमी जण बघतात. दोन डॉक्टरांवर प्रत्येकी १० लाख, एकावर ५ लाख, बाकी सगळं हॉस्पिटलवर. तुमची वैयक्तिक पॉलिसी तुमच्या हातून झालेल्या कामापुरती आहे. रात्रीची नर्स, आरएमओ (हॉस्पिटलमधले निवासी डॉक्टर), फोनवर बोलावून आलेले भूलतज्ज्ञ, यांच्या चुकीची जबाबदारी हॉस्पिटलवरही येते. हॉस्पिटल म्हणजे फर्म, आणि फर्ममधल्या भागीदाराची जबाबदारी अमर्याद असते. ती थेट तुमच्या दोघांच्या घरापर्यंत पोचते. त्यामुळे फर्मच्या नावावर आस्थापनेची वेगळी इन्डेम्निटी पॉलिसी याच वर्षी घ्या, एका घटनेला १ कोटीची. प्रपोजल फॉर्म भरताना नुसतं 'आरएमओ' लिहू नका, त्यांची खरी पदवी आणि नोंदणी लिहा. माहिती लपवली हे कंपनीला दावा नाकारायला पुरेसं कारण होतं. भूलतज्ज्ञांकडून त्यांच्या चालू पॉलिसीची प्रत दरवर्षी मागून घ्या. मागायला संकोच वाटतो हे मला ठाऊक आहे, तरी मागा.

फर्मची एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करावी का? सहकाऱ्याच्या चुकीची झळ त्यामुळे कमी लागते, पण स्वतःच्या हातून झालेल्या निष्काळजीपणाची जबाबदारी कुठल्याही कंपनीच्या आड जात नाही. ते काम सवडीने सीएंबरोबर बसून करा.

घराचं बोलू. देणेकऱ्यांना चुकवायच्या हेतूने केलेलं हस्तांतर न्यायालय रद्द ठरवू शकतं, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५३ त्यासाठीच आहे. ते बाजूला ठेवलं तरी घरातलाच प्रश्न उभा राहतो. घर सासूबाईंचं झालं आणि मृत्युपत्र न करता त्या गेल्या, तर तुमच्या दोन्ही नणंदांचा त्यात कायदेशीर वाटा येईल. कोर्टाच्या भीतीने घरात भाऊबंदकी कशाला आणता? त्यापेक्षा कायद्यानेच सुरक्षित ठेवलेल्या जागा वापरा. पीपीएफमधली रक्कम न्यायालयाच्या हुकूमनाम्यात जप्त होत नाही. दोघांनी वर्षाला प्रत्येकी दीड लाख भरत राहा. डॉक्टरसाहेबांचा नवा टर्म इन्शुरन्स काढताना १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली काढा. त्याची रक्कम तुमच्यासाठी आणि मुलांसाठी विश्वस्त निधी म्हणून राखली जाते, देणेकऱ्यांना तिच्यावर हात टाकता येत नाही. ही निवड पॉलिसी काढतानाच करावी लागते, नंतर नाही.

पॅकेजवाल्या कंपनीला दोनच गोष्टी विचारा. विमा पॉलिसी कोणत्या विमा कंपनीची आणि कोणाच्या नावावर? २ लाख ४० हजारांतला विम्याचा हप्ता किती, सेवाशुल्क किती? पैसे ५ वर्षांचे आणि विमा मात्र वर्षावर्षाचा असेल, तर मधल्या कंपनीने एक नूतनीकरण चुकवलं की तुमची २०१६ ची तारीख गेली. वकिलांची साथ मोलाची असते, ती वेगळी विकत घ्या. पॉलिसी तुमच्याच नावावर, पावती विमा कंपनीचीच.

पॉलिसीबाहेर काय राहतं तेही लक्षात असू द्या. फौजदारी शिक्षा आणि दंड कोणताही विमा भरत नाही. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालामुळे घोर निष्काळजीपणाशिवाय डॉक्टरवर फौजदारी खटला टिकत नाही, हा मोठा आधार आहे. फौजदारी बाजूचा वकीलखर्च पॉलिसीत आहे का, तेवढं तपासा. तोडफोडही इन्डेम्निटीत येत नाही. २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टरला झालेली मारहाण आपल्या भागात कोणी विसरलेलं नाही. हॉस्पिटलच्या इमारतीच्या आणि यंत्रांच्या विम्यात दंगल आणि हेतुपुरस्सर नुकसानीचं कलम घालून घ्या.

एक गोष्ट माझ्या क्षेत्राबाहेरची वाटेल, पण पैशाशी तिचा थेट संबंध आहे. दावा आला की विमा कंपनीचा वकील पहिल्यांदा केसपेपर आणि संमतीपत्र मागतो. तुमच्याकडे पावरी (सातपुड्यातली आदिवासी बोली) आणि अहिराणी बोलणाऱ्या बाया येतात, आणि संमतीपत्र छापील इंग्रजीत, खाली अंगठा. २००८ च्या समीरा कोहली निकालात न्यायालयाने सांगितलंय, की तपासणीसाठी घेतलेली संमती शस्त्रक्रियेला चालत नाही आणि पेशंटला समजेल असं सांगितलेलं असलं पाहिजे. पावरी जाणणारी तुमची जी आया किंवा नर्स समजावून सांगते, तिचं नाव, सही आणि वेळ कागदावर येऊ द्या. गर्भाशय काढावं लागण्याची शक्यता असेल तर ते आधीच लिहा. पेशंटने कागद मागितले तर ७२ तासांत द्यायचे असतात. आणि कोणी चिडून आलं, तर विमा कंपनीला कळवण्याआधी तडजोडीचा आकडा बोलू नका, त्याने कव्हर अडचणीत येतं. काय घडलं ते नातेवाइकांना शांतपणे सांगायला मात्र कोणतीही पॉलिसी अडवत नाही. ते सांगाच, त्यांचा तो हक्क आहे. खरंच चूक झाली असेल तर त्या कुटुंबाला पैसे मिळण्याची सोयही याच पॉलिसीत आहे.

खर्चाचं म्हणाल, तर तिन्ही पॉलिसी मिळून वर्षाचा हप्ता लाखभर झाला तरी तो तुमच्या जमेच्या एका टक्क्याहून कमी आहे. तो फर्मचा व्यवसायखर्च म्हणून वजा होतो आणि फर्मला ३० टक्के कर लागतो, तेव्हा खरा भार सत्तर हजारांच्या आसपास. दोन-तीन विमा कंपन्यांची लेखी कोटेशन मागवा. तुमचं नूतनीकरण ३१ मार्चला आहे, प्रस्ताव फेब्रुवारीतच द्या. एसआयपीही सुरू करा, पण ती मुलीच्या शिक्षणासाठी, आणि पॅकेजचे जे २ लाख ४० हजार बाजूला काढले होते त्यातून.