इंजिनच्या आत साचलेला कार्बन पेट्रोलमध्ये टाकायच्या क्लीनरने निघतो का?

इंधन नेमके कुठे फवारले जाते, यावर ते अवलंबून आहे. पोर्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या (सिलिंडरमध्ये हवा आत सोडणाऱ्या झडपेच्या) पाठीवर पडत असल्याने पॉलिइथरअमाइन (कार्बनचा थर सुटा करणारे रसायन) असलेला क्लीनर तेथील थर हळूहळू कमी करू शकतो. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये मात्र पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जाते, व्हॉल्व्हला त्याचा स्पर्शच होत नाही आणि क्रँककेसमधून (इंजिनच्या खालच्या, तेल असलेल्या भागातून) येणाऱ्या तेलाच्या वाफा तिथे भाजून घट्ट बसतात. त्यामुळे टाकीत काहीही ओतले तरी हे व्हॉल्व्ह स्वच्छ होत नाहीत (इंजेक्टर होतील, तेवढाच लाभ). अशा वेळी इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांचा भाग) उतरवून, त्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह पूर्ण बंद ठेवून, अक्रोडाच्या कवचाचा भुगा दाबाच्या हवेने मारणे हाच माझ्या मते खात्रीचा उपाय आहे. गाडी सुरळीत चालत असेल, तर केवळ वर्कशॉपने सुचवले म्हणून तो करून घेऊ नये.