अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन ग्रीक मंदिरात एकही सरळ रेष नाही, हे खरं आहे का? आणि चुना न वापरता ते उभं कसं राहिलं?

सरळ रेष औषधालाही नाही, असं नाही. पण जिथे ती हमखास असेल असं वाटतं, नेमकी तिथेच ती नाही. अथेन्सला गेलो तेव्हा मी मंदिराच्या कोपऱ्याशी वाकून, डोळा जोत्याच्या कडेच्या पातळीत आणून लांबवर पाहिलं. कड मधे चढत जाते आणि पुढे उतरते, हे नुसत्या डोळ्यांना दिसतं! जोत्याची लांबी सुमारे 69.5 मीटर आणि मधला उंचवटा साधारण 11 सेंटिमीटर. पावसाचं पाणी निथळतं हा एक फायदा. शिवाय जोतं सपाट ठेवलं तर मधे खचल्यासारखं भासतं, असं रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने लिहून ठेवलंय. खांबसुद्धा किंचित आत कललेले आहेत, कोपऱ्यातले जरा जाड.

आता चुना. आपल्या हेमाडपंती देवळांप्रमाणे इथेही दगडावर दगड कोरडाच बसवलाय. एकेक खांब म्हणजे जात्याच्या तळ्या एकावर एक रचाव्यात तसे संगमरवराचे 10-12 गोल तुकडे. दोन तुकड्यांच्या मधोमध लाकडी खुंटी. टेकणाऱ्या पृष्ठभागाची बाहेरची कड घासून गुळगुळीत केलेली आणि आतला भाग अंमळ खोल, त्यामुळे कड कडेला चपखल भिडते. उभ्या पन्हळी खांब रचून झाल्यावर कोरल्या. भिंतीचे चिरे लोखंडी पट्ट्यांनी जोडले आणि पट्ट्यांभोवती वितळलेलं शिसं ओतलं, म्हणजे पाणी शिरून गंज धरायला नको.

या शिशाचं मोल फार उशिरा कळलं. 20व्या शतकाच्या सुरुवातीच्या डागडुजीत लोखंड शिशाशिवायच वापरलं. ते गंजून फुगलं आणि इसवी सनापूर्वी 447 ते 432 या काळात घडवलेला संगमरवर तडकला. मला याचं अजूनही वाईट वाटतं. आता तिथे टायटॅनियम वापरतात.

त्याच डागडुजीत बरेच चिरे भलत्याच जागी बसवले गेले होते. पण जोतं वाकलेलं आणि खांब कललेले, म्हणून शेजारशेजारचे दोन चिरेही मापाने तंतोतंत सारखे नाहीत. प्रत्येकाची जागा एकच. अलीकडच्या तज्ज्ञांनी खाचा आणि मापं जुळवत ते चिरे उतरवले आणि आपापल्या मूळ जागी नेऊन बसवले.