2018 ची रॉयल एनफिल्ड हिमालयन 411 ऑफरोडसाठी 20 किलो हलकी करायचीय, काय काय काढू?

तुमच्या प्रश्नातलं "सुरुवात डबल स्टँड काढून करणार आहे" हे वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहायला बसलो. बाकी काहीही काढा, डबल स्टँडला हात लावू नका.

माझीही 2018 चीच आहे, एबीएस नसलेली. भरल्या टाकीला 191 किलोच्या आसपास. आणि माझा मेव्हणा हिरोच्या एक्सपल्सवाला, 2019 ला घेतली त्याने, 154 किलो. हे दोन आकडे त्याने मला लग्नकार्यात, दिवाळीत, एकदा तर सासूबाईंना दवाखान्यात भेटायला गेलो होतो तिथे लिफ्टमध्ये पण ऐकवलेत. "दाजी, डबल स्टँड काढा ओ, चार किलो लोखंड फुकट फिरवताय, वर दगडाला घासतो तो वेगळाच." घासतो हे मात्र खरंय, ते नाकारत नाही. तर एका रविवारी त्याच्याच पार्किंगमध्ये काढला, स्प्रिंग सटकून माझ्या अंगठ्याचं नख काळं झालं ते दोन महिने तसंच होतं.

पुढच्याच आठवड्यात, ऐन जुलैत, वेल्ह्याच्या पुढे केळदच्या बाजूला आम्ही दोघं गेलो. डांबरी सोडून एका बैलगाडीच्या वाटेला लागलो, गुडघाभर चिखल नव्हता पण निसरडं फार होतं, आणि तिथे कुठल्यातरी कुंपणाच्या तारेचा तुकडा माझ्या मागच्या टायरमध्ये गेला. ट्यूबवालं चाक, म्हणजे खोलल्याशिवाय सुटका नाही. डबल स्टँड असता तर मागचं चाक वर राहिलं असतं, आता एवढी गाडी साइड स्टँडवर उभी करून ते काढायचं कसं? पुढचा ब्रेक सुतळीने हँडलला आवळून बांधला, मेव्हण्याने गाडी स्टँडच्या बाजूला कलती धरली आणि मी दुसरीकडून स्विंगआर्मखाली, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याखाली, दगड रचायला घेतले. दोनदा रचले, दोनदा घसरले. तेवढ्यात एक आजोबा म्हशी घेऊन आले, इरलं डोक्यावर, थोडा वेळ बघितलं, न बोलता गेले आणि कुठूनतरी एक जाड बेचकं तोडून घेऊन आले. ते स्विंगआर्मखाली लावलं तर चिखलात रुतायला लागलं, मग आजोबांनीच त्याखाली एक चपटा दगड सरकवला. तेव्हा कुठे चाक हललं. "येवढं लोखंड कशापायी आणलं हिकडं?" एवढंच म्हणाले.

खरी गंमत पुढे आहे. ट्यूब आणि हवेचा पंप माझ्या मागच्या बॅगेत तळाशी होता म्हणून ती सगळी रिकामी केली. त्यातून काय निघालं, तर दोन घडीच्या खुर्च्या, गॅसची छोटी शेगडी, पातेलं, पाच लिटर पाण्याचा कॅन आणि तंबू. पाणी सोडलं तर सगळं मेव्हण्याचं! त्याची गाडी हलकी राहावी म्हणून सगळं माझ्या गाडीवर. घरी येऊन बाथरूममधल्या काट्यावर ठेवलं, पाणी धरून 23 किलो भरलं. आणि हा मला चार किलोचा स्टँड काढायला लावतो. त्याला हे सांगितलं तर म्हणे "ते सामान आहे दाजी, गाडीचं वजन वेगळं." चढावर चिखलात गाडी उचलताना कंबरेला हा फरक कळत नाही.

तर तुमचं उत्तर. आधी जे बाहेरून लावलंय ते काढा. अ‍ॅल्युमिनियमचे पेटारे आणि त्यांचे रॉड असतील तर तिथेच बारा-पंधरा किलो जातात, कापडी बॅगा घ्या. टाकीच्या दोन्ही बाजूंचे रॅक काढा, कॅन लावायचे नसतील तर ते शोभेचेच आहेत. मोठा क्रॅशगार्ड असेल तर छोटा घ्या, पूर्ण काढू नका. इंजिनखालची प्लेट आहे तशी राहू द्या.

मग पेट्रोल. 15 लिटरची टाकी आहे, लिटरमागे पाऊण किलो धरा. अर्धी टाकी ठेवली तरी 200 किलोमीटर आरामात जाते आणि पाच-साडेपाच किलो कमी होतात, तेही वरच्या बाजूचे, जे वळताना आणि तोल जाताना सगळ्यात जास्त जाणवतात. हे फुकट आहे, आणि नेमकं हेच कुणी करत नाही, सगळे आधी सायलेन्सर शोधायला निघतात. लिथियम बॅटरीने दीड-दोन किलो जातात पण हिमालयनला किक नाही हे लक्षात ठेवा, ती जंगलात बसली तर तुम्हीही बसाल. एवढं करूनही जड वाटली तर पुढचं स्प्रॉकेट (चेनचं इंजिनकडचं दातेरी चाक) एक दात लहान टाका, वजन तेवढंच राहतं पण हळू चालवताना गाडी ऐकते. टायरची हवा पण कमी करा, पण फार नको, ट्यूब चिमटते.

आणि "विकून नवी हिमालयन 450 घ्या" सांगणारे भेटतील. ती पण 196 किलो आहे.

हां, सायलेन्सरचं राहिलंच. बदलला तर तीनेक किलो कमी होतात, पण पुण्यात पोलिस पकडतात, आणि काढलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवलेले फोटो तुम्ही बघितले असतील. साडी गार्ड आणि मागचे फूटरेस्ट नियमाने लागतात, शिवाय मागे घरचं कुणी बसत असेल तर तो विचारच करू नका. मी वर जे किलो सांगितलेत ते माझ्या गाडीचे आणि बाथरूमच्या काट्याचे आहेत, अर्धा किलो इकडे तिकडे धरा. सामान कमी केल्यावर मागच्या शॉकचा प्रीलोडही (स्प्रिंगचा ताण) उतरवा, मी विसरलो होतो आणि महिनाभर पाठ धरली होती.

डबल स्टँड मी परत बसवला. टाकीचे रॅक माळ्यावर पडलेत, कुणाला हवे असतील तर कळवा. खुर्च्या पण माझ्याकडेच आहेत, पण त्या न्यायला ज्याच्या आहेत त्याने स्वतःच्या गाडीवर यावं.